तक्रार पत्र: सोमवारी बंद असणारा मठ तुम्ही आम्हाला सोमवारीच दाखवायला नेलात

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहली विभाग

विषय: पोर्तुगाल–स्पेन इतिहास सहल, नऊ रात्री दहा दिवस. चौथा आणि सहावा दिवस न मिळाल्याबद्दल पैसे परत मिळणे.

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं पाचव्यांदा बोलणं झालं. ते ज्या तऱ्हेनं संपलं, त्यानंतर पुन्हा फोन लावण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून लेखी देते आहे. सहल तुमची, कार्यक्रमपत्रिका तुम्हीच छापलेली, त्यामुळे कुठल्या दिवशी कुठे नेणार होतात हे तुम्हाला सांगत बसत नाही. फक्त चौथ्या दिवसाचं पान उघडून समोर ठेवा.

त्या पानावर लिस्बनमधला जेरोनिमोस मठ आणि बेलेमचा बुरूज आहे. दिवस सोमवार. ही दोन्ही ठिकाणं सोमवारी बंद असतात. संप नव्हता, पाऊस नव्हता, कुणी मंत्री आला म्हणून रस्ता अडवलेला नव्हता. दर सोमवारी बंद, वर्षभर. माझ्या भाचीनं हे फोनवर अर्ध्या मिनिटात शोधून दाखवलं. तुम्ही वर्षानुवर्षं युरोपच्या सहली नेता, तुम्हाला ते ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. आणि ठाऊक नव्हतं असं तुमचं म्हणणं असेल, तर माणशी 2 लाख 85 हजार रुपये कशाचे घेतलेत?

याच्या आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही दुपारी दोन वाजताच लिस्बनमध्ये पोहोचलो होतो. त्या वेळी मठ उघडा होता. तुम्ही आम्हाला शहराबाहेरच्या आउटलेट मॉलमध्ये नेलंत. पावणेतीन तास. मॉलमधली खरेदी कार्यक्रमपत्रिकेत कुठेही नाही, मी दोनदा वाचून खात्री केली आहे. मी आणि माझी मैत्रीण, दोघी निवृत्त शिक्षिका, बाहेरच्या बाकावर बसून होतो. आमची खोली लिस्बनमध्ये, मठ लिस्बनमध्ये, आणि आम्ही बुटांच्या दुकानासमोर.

सोमवारी सकाळी बस मठासमोर थांबली. दक्षिणेकडचं ते मोठं दार रस्त्यावरूनच दिसतं. दोन दारांच्या मधल्या खांबावर पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री याचा पुतळा आहे, भोवती संतांच्या मूर्तींची दाटी, आणि दगड सकाळच्या उन्हात फिकट मधासारखा दिसतो. दार बंद. तुमचा सहल व्यवस्थापक आत जाऊन चौकशी करतो म्हणाला आणि पाच मिनिटांत परत आला. "आज आतून बंद आहे, पण खरं सौंदर्य बाहेरूनच आहे," असं त्यानं माइकवर सांगितलं. मग प्रत्येकाच्या हातात एकेक कस्टर्डची पेस्ट्री दिली, ग्रुप फोटो काढला आणि वीस मिनिटांत बसमध्ये चढायला सांगितलं.

मी त्या दारासाठी आले होते. ते का, हे लिहिते, कारण तुमच्या माणसांना ते पाच फोनांत कळलेलं नाही.

मी वसईची. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि दर वर्षी एका तुकडीला घेऊन वसईच्या किल्ल्यात गेले. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि 1739 साली चिमाजी आप्पांनी ती घेतली. मधली दोनशे पाच वर्षं त्या भिंतींत उभी आहेत. बालेकिल्ल्याच्या दारावर पोर्तुगीज राजचिन्हांबरोबर कड्याकड्यांचा एक गोल कोरलेला आहे. मुलं विचारायची, बाई, हा फुटबॉल आहे का? तो खगोल आहे, पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याचं चिन्ह. तोच गोल जेरोनिमोस मठाच्या आतल्या ओवऱ्यांमध्ये कोरलेला आहे. आमच्या दारावर ज्यांनी तो आणून ठेवला, त्यांच्या घरी तो कसा दिसतो हे मला पाहायचं होतं. ओवऱ्या आत आहेत. बाहेरून दिसत नाहीत.

आणि तो मठ उभा राहिला कशाच्या पैशावर? आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर पाच टक्के कर होता, मिरीचा विसावा हिस्सा म्हणत त्याला, आणि त्या पैशातला मोठा भाग या बांधकामात गेला. मलबारची मिरी, आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरून गेलेली. त्या मिरीचा पैसा जिथे दगड होऊन उभा आहे तिथे मला जायचं होतं.

तिसरी गोष्ट कबरीची. आणि इथे तुमच्या कंपनीचा संबंध जुना आहे. 2009 साली मी आणि माझे यजमान तुमच्याच केरळ सहलीला आलो होतो. कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची पहिली कबर आहे. 1524 च्या डिसेंबरात तो कोचीलाच वारला, तिथेच पुरला गेला, आणि 1539 साली त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. त्यामुळे कोचीची कबर रिकामी आहे. जमिनीत एक शिळा आणि भोवती कठडा, एवढंच. पण तुमचा त्या वेळचा मार्गदर्शक, पन्नाशीचे एक गृहस्थ, आम्हाला बाकांवर बसवून चाळीस मिनिटं बोलले. 1497 च्या 8 जुलैला लिस्बनहून निघालेली चार जहाजं, 1498 च्या मे महिन्यात कालिकतजवळ लागलेला किनारा, आणि 1502 च्या दुसऱ्या फेरीत यात्रेकरूंनी भरलेलं जहाज बायकामुलांसकट जाळणारा हाच वास्को. काही लपवलं नाही त्यांनी. शेवटी म्हणाले, "हाडं आता लिस्बनच्या जेरोनिमोसमध्ये आहेत, तुमच्यापैकी कुणी गेलं तर पाहून या." माझे यजमान तेव्हा म्हणाले होते, जाऊ. ते आता नाहीत. मी तुमची सहल निवडली ती त्या चाळीस मिनिटांच्या भरवशावर. दुसऱ्या दोन कंपन्या माणशी तीस हजारांनी स्वस्त होत्या.

आता यंदाच्या बसमधलं ऐका. "स्थानिक इतिहासतज्ज्ञ मार्गदर्शक सोबत असेल" असं तुमच्या पत्रिकेत ठळक अक्षरांत आहे. लिस्बनमध्ये असा कुणी आला नाही. सहल व्यवस्थापकच माइक घेऊन बोलत होता. "वास्को द गामानं 1498 मध्ये गोवा जिंकला." गोवा जिंकला पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कनं, 1510 साली. तेव्हा वास्को पोर्तुगालमध्ये होता. नदीकाठच्या दर्यावर्दींच्या स्मारकाकडे बोट दाखवून म्हणाला, "हे पाचशे वर्षांपूर्वीचं." ते स्मारक 1960 सालचं आहे, त्याआधी 1940 च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलं होतं. पोर्तुगालच्या सालाझारच्या हुकूमशाहीनं जुन्या साम्राज्याचा गौरव करायला ते बांधलं, आणि त्याच राजवटीनं 1961 पर्यंत गोवा सोडला नाही. हे सांगितलं असतं तर बसमधल्या प्रत्येकाला त्या दगडांचा अर्थ लागला असता. माझ्या पुढच्या सीटवर आठवीतला एक मुलगा हे सगळं वहीत उतरवून घेत होता. मी त्याला हळूच दोन्ही साल दुरुस्त करून दिली. त्या मुलाच्या वडिलांनीही तुम्हाला पूर्ण पैसे भरले आहेत.

सेव्हिलबद्दल थोडक्यात. सहाव्या दिवशी "स्पॅनिश साम्राज्याचा दप्तरखाना" असं छापलं आहे. तिसऱ्या कार्लोस राजाच्या हुकमानं 1785 साली स्थापन झालेला, व्यापाऱ्यांच्या जुन्या वखारबाजाराच्या इमारतीत. अमेरिकेपासून फिलिपिन्सपर्यंतच्या कारभाराची सुमारे 8 कोटी पानं तिथे आहेत. पुण्याला पेशवे दप्तराचे रुमाल पाहिलेल्या माणसाला याचं काय वाटतं ते शब्दांत सांगता येणार नाही. आपण तिथे पोहोचलो तेव्हा तो बंद झालेला होता, कारण वाटेत पुन्हा एका दुकानात दीड तास गेला. शेजारच्या कॅथेड्रलमध्ये कोलंबसची कबर पाहायला पंधरा मिनिटं मिळाली.

आता आजचा फोन. हा संवाद मी सविस्तर लिहिते, तुमच्याकडे ध्वनिमुद्रण असेलच, ताडून पाहा.

बावीस मिनिटं थांबवून ठेवल्यावर एक तरुण मुलगा बोलायला आला. मी पाचव्यांदा सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, पत्रिकेत 'जेरोनिमोस मठाला भेट' लिहिलंय. भेट झाली ना?"

"दार बंद होतं."

"पण तुम्ही तिथे पोहोचला होतात ना? ग्रुपवर फोटो आहे मॅडम, तुम्ही हसताय त्यात."

फोटो काढताना कुणी हसा म्हटलं तर माणूस हसतो. त्या हसण्याची तुम्ही पावती करून ठेवली आहे, हे मला आज कळलं.

मग त्यानं विचारलं, "आत असं काय होतं?" मी म्हटलं, वास्को द गामाची कबर. कीबोर्डचा आवाज आला, आणि मग अगदी उत्साहानं, "वास्को ना मॅडम? मग तुम्हाला गोव्याचं पॅकेज देऊ का? वास्को त्यात कव्हर होतं. तुमचं व्हाउचर तिथे वापरता येईल."

त्या मुलाचा राग मला येत नाही. त्याला कुणी शिकवलं नाही. इतिहासाची सहल विकणाऱ्या कंपनीत तक्रार ऐकायला बसवलेल्या माणसाला आपण काय विकतो हे कुणी सांगितलेलं नाही, याचा राग येतो.

मी वरिष्ठांना बोलवा म्हटलं. आणखी नऊ मिनिटांनी वरिष्ठ आले. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, काय झालं विचारलं नाही. सुरुवातच अशी केली: "आजी, बाकीच्या चौतीस जणांची काही तक्रार नाही. एका थडग्यासाठी एवढं मनाला लावून घेऊ नका. या वयात तब्येतीला बरं नसतं."

मी त्यांची आजी नाही. मी तुमची ग्राहक आहे. माझी तब्येत ठीक आहे, मी लिस्बनजवळच्या सिंत्राचा चढ तुमच्या व्यवस्थापकाच्या आधी चढले. आणि ते थडगं एका माणसाचं असलं, तरी त्याच्या वाटेनं आलेली माणसं आमच्या किनाऱ्यावर दोनशे पाच वर्षं राहिली. आमच्या गावांची धर्मस्थळं, आमच्या शेजाऱ्यांची आडनावं, आमच्या तोंडातले पाव, बटाटा, चावी, साबण, पगार हे शब्द त्याच वाटेनं आले. मी तिथे दर्शनाला गेले नव्हते. ज्यानं जहाज जाळलं त्याचं दर्शन मला घ्यायचं नव्हतं. कोचीची रिकामी शिळा पाहिल्यावर तिच्या दुसऱ्या टोकाशी उभं राहायचं होतं. पंधरा वर्षांहून अधिक काळ ते मनात होतं, त्यासाठी पेन्शनीतून पैसे बाजूला टाकले होते. मी त्या दारापासून दहा पावलांवर उभी होते आणि तुम्ही मला परत बसमध्ये बसवलंत. कारण तो सोमवार होता.

तुमचं व्हाउचर मला नको. तीन हजार रुपयांचं, किमान पन्नास हजारांच्या बुकिंगवर, 31 मार्चपर्यंत. मी ते परत पाठवते आहे.

मला हवं ते असं. सहलीचा एका दिवसाचा खर्च माणशी 28,500 रुपये होतो. चौथ्या दिवसाचे ते पूर्ण, आणि सहाव्या दिवसाचे निम्मे, म्हणजे 42,750 रुपये माझ्या खात्यात जमा करा. माझ्या मैत्रिणीचं पत्र वेगळं येईल, तिलाही तेवढेच. स्थानिक मार्गदर्शक का आला नाही आणि ठरलेल्या जागा सोडून दुकानांत सव्वाचार तास कुणाच्या सांगण्यावरून घालवले, याचा लेखी खुलासा द्या. "तांत्रिक अडचणीमुळे" हे दोन शब्द त्यात नकोत, मला ते चार वेळा ऐकवून झाले आहेत.

पंधरा दिवस थांबेन. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जिल्हा आयोगाकडे सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, या दोन्हींसाठी अर्ज करेन. मी राहते त्याच जिल्ह्यात तो करता येतो आणि पाच लाखांच्या आतल्या रकमेला शुल्कही नाही, हे मी विचारून घेतलं आहे. पत्रिका, पावत्या, बंद दाराचे वेळेसह फोटो आणि मॉलबाहेर काढलेला फोटो, सगळं लावून ठेवलं आहे.

2009 सालच्या त्या मार्गदर्शकांचं नाव तुमच्या जुन्या नोंदींत असेल. ते अजून तुमच्याकडे असतील तर हे पत्र त्यांनाही वाचायला द्या.

आणि एक काम पैशांच्याही आधी करा. हे लिहिताना मी तुमच्या पुढच्या तुकडीची पत्रिका पाहिली. तिच्यातही मठ आणि बुरूज सोमवारीच आहेत, आणि रविवारी दुपारी खरेदी. ते दोन दिवस आजच अदलाबदल करून घ्या. त्या बसमध्येही कुणीतरी त्या दारासाठी येणार असेल.

तुमची ग्राहक,
वसई