कवितेतला बाप म्हातारा का होत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फादर्स डेनिमित्त आपल्या पुरवणीत वाचकांच्या कविता छापून आल्या. सगळ्या वाचल्या. बाप फणसासारखा, बाहेरून काटेरी नि आतून गोड, बाप वटवृक्ष, बाप घराचा आधारस्तंभ. लिहिणाऱ्यांच्या भावना खऱ्या आहेत, याबद्दल शंका नाही. पण एकाही कवितेत बाप म्हातारा होत नाही, मरत नाही, आणि त्याच्यात नि मुलात कधी अबोला धरला जात नाही. वडिलांवर लिहायचं तर या गोष्टी टाळून चालत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हे पत्र.

मी अंबरनाथच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. बारावीच्या ‘युवकभारती’ या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात कवी दिलीप चित्रे यांची ‘फादर रिटर्निंग होम’ ही कविता आहे. उशिराची लोकल, पिवळा उजेड, गप्प उभे प्रवासी, त्यांतच बाप. भिजलेले कपडे, चिखलाचे डाग पडलेला काळा रेनकोट, पुस्तकं कोंबून कोंबून फाटायला आलेली बॅग. घरी पांचट चहा नि शिळी पोळी. मग बेसिनपाशी हात धुताना तो थरथरतो, आणि मनगटावरच्या पिकत चाललेल्या केसांना पाण्याचे दोन-चार थेंब चिकटून राहतात. बापाचं मनगट इतक्या जवळून पाहणारा मुलगा त्याच्याशी बोलत मात्र नाही. मुलं घुमी आहेत, आपले विनोद, आपली गुपितं त्याला सांगत नाहीत, एवढं सांगून चित्रे पुढे जातात. त्या मुलांत मीही होतो, असं ते कुठेच म्हणत नाहीत. म्हणत नाहीत, म्हणूनच ते जास्त लागतं. शेवटी म्हातारा रेडिओची खरखर ऐकत झोपी जातो, स्वप्नात पूर्वज आणि नातवंडं. मधली पिढी, म्हणजे खुद्द मुलगा, त्या स्वप्नात नाहीच!

गाइडमध्ये या कवितेचा आशय ‘शहरी माणसाचं एकाकीपण’ असा उरकलेला असतो. मुलं उपमा शोधतात, गुण मिळवतात. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील अशाच उशिराच्या लोकलने रात्री घरी येतात. एकदा विचारलं, तुमचे बाबा गाडीत उभे असताना कसला विचार करत असतील? वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आम्ही कधी विचारलंच नाही.” त्या दिवशी मला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

जगभर गाजलेली पितृकविता मात्र दुसरीच आहे. वेल्श कवी डिलन टॉमसची ‘डू नॉट गो जेंटल इंटू दॅट गुड नाइट’. मरणाला मुकाट शरण जाऊ नका, संतापून उठा, असा तिचा घोष. दोनच यमकांवर तोललेल्या एकोणीस ओळी, रचना अफाट. पण मला तिच्यात बापापेक्षा मुलगाच जास्त दिसतो. शहाणे, सज्जन, बेफाम, गंभीर अशा चार तऱ्हांच्या माणसांचे दाखले आधी येतात आणि वडील उगवतात ते अगदी शेवटच्या चार ओळींत. तेही त्यांच्याकडे काही मागण्यासाठी: शाप द्या, आशीर्वाद द्या, पण असे शांत होऊ नका. थकलेल्या माणसाने शांतपणे जायचं ठरवलं तर त्याला तेवढी मोकळीक नको का? टॉमसचे वडील, स्वान्सीच्या शाळेतले इंग्रजीचे शिक्षक, डिसेंबर 1952 मध्ये गेले. वर्ष उलटायच्या आत 39 वर्षांचा टॉमसही न्यूयॉर्कमध्ये वारला. हे कळल्यावर त्या आकांताचा राग येत नाही. तरीही वडिलांना समजून घेणारी कविता म्हणून मी तिच्याकडे जाणार नाही.

इंग्रजीत लिहिणारे भारतीय कवी ए. के. रामानुजन यांची ‘ऑबिच्युअरी’ (म्हणजे निधनवार्ता) वाचताना आधी हसू येतं, मग घशाशी येतं. वडिलांनी मागे काय ठेवलं? टेबलावरच्या कागदांवर धूळ, कर्ज, लग्नाच्या मुली. चितेच्या राखेत मणक्यांचे तुकडे, ते मुलांनी जपून वेचायचे नि भटजी सांगतील तसे पूर्वेकडे तोंड करून नदीत टाकायचे. मद्रासच्या एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन ओळींची बातमी. ते वर्तमानपत्र रद्दीत जातं, वाण्याकडे त्याच्या पुड्या होतात, आणि मुलगा मीठ, धणे, गूळ आणताना प्रत्येक पुडी उलगडून वाचतो. एखादीत वडील सापडतील म्हणून.

आपल्याकडे हे धाडस नव्हतं असं कुणी म्हणू नये. चित्र्यांनी ज्यांना इंग्रजीत नेलं, त्या तुकोबांनी “बाप मेला न कळतां । नव्हती संसाराची चिंता” असं सुरू करून पुढच्या तीन-चार ओळींत बायको, पोर, आई असं सगळं घर मरताना मोजलं आहे. कीर्तनात ते वैराग्य म्हणून सांगतात. मला तो घाव सोसलेल्या माणसाचा आवाज वाटतो. आणि चित्र्यांच्या वाट्याला तर उलटा क्रम आला. त्यांचा एकुलता मुलगा आशय 2003 मध्ये गेला, ते स्वतः 2009 मध्ये. बापाकडे मुलाच्या नजरेने पाहणाऱ्या या कवीवर आपल्या मुलाच्या मागे उरण्याची वेळ आली, हे मी प्रत्येक तुकडीला सांगते.

विनंती एवढीच, की पुढच्या जूनमध्ये कौतुकाच्या कवितांशेजारी अशा एखाद्या कवितेचा मराठी अनुवाद रीतसर परवानगी घेऊन छापावा. वाचकांकडून कविता मागवताना ‘वडिलांशी न झालेलं बोलणं’ असा विषय द्यावा. जागा एकाच अनुवादापुरती असेल तर रामानुजनांची कविता घ्या. वर्तमानपत्राच्या पानावर तिचा हक्क आधीचा आहे.

कळावे,
आपली एक वाचक,
अंबरनाथ