साप्ताहिक सुट्टी मिळते, रविवार मिळत नाही

महोदय,

रविवारी सकाळी सातच्या मिस्साला, म्हणजे सामूहिक उपासनेला, आमच्या चर्चमध्ये मागच्या दाराशी तरुण मुलामुलींचा एक घोळका उभा असतो. बाकांवर जागा असली तरी ही मुलं बसत नाहीत. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा, अर्धं लक्ष वेदीकडे आणि अर्धं घड्याळाकडे. कम्युनियनचा पवित्र प्रसाद घेतला की शेवटच्या आशीर्वादासाठी न थांबता ती बाहेर पडतात आणि रिक्षा पकडून वसई रोड स्टेशन गाठतात. कुणाला मॉलमध्ये पोहोचायचं असतं, कुणाला कॉल सेंटरला, कुणाला पार्सलं वाटायची असतात. माझी मुलगीही त्यांच्यातच असते. मुंबईत एका कपड्यांच्या दुकानात ती कामाला आहे. शनिवारी रात्री घरी यायला तिला बारा वाजतात, तरी पहाटे उठून ती येते. मिस्सा चुकत नाही, हे खरं. पण मिस्सा उरकणं म्हणजे रविवार पाळणं नव्हे.

तिची साप्ताहिक सुट्टी बुधवारी, जावयाची सोमवारी, नातवाच्या शाळेची रविवारी. तीन माणसांचं घर, पण तिघांनी एकत्र बसून दुपारचं जेवावं असा एकही वार आठवड्यात नाही. तिने वरिष्ठांना विनवून पाहिलं, महिन्यातून एखादा रविवार द्या, दिवाळीत रोज कामावर येईन. ‘रविवारीच तर धंदा असतो’, एवढंच उत्तर मिळालं. कायद्याने त्यांचं काही चुकत नाही. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानं आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवायची मुभा दिली. कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी द्यावी लागते, पण ती कोणत्या वारी, हे ठरतं मालकाच्या सोयीने.

माझे वडील वाडीवाले. केळी, पानवेली, दोन म्हशी. शनिवारी दुपारपासून त्यांची लगबग सुरू व्हायची. झाडांना पोटभर पाणी द्यायचं, म्हशींचा चारा कापून ठेवायचा, गड्यांची मजुरी चुकती करायची. रविवारी पंप बंद. म्हशींचं दूध काढायचे, चारा घालायचे, बाकी कामाला हात लावत नसत. गाय-बैल विहिरीत पडला तर शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या वारीसुद्धा, बाहेर काढाल ना, असं येशूनेच विचारलं आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२१ मध्ये रविवारी कचेऱ्या आणि कारागिरांची कामं बंद ठेवायचा हुकूम काढला, तेव्हाही शेतकऱ्याला मोकळीक ठेवलीच होती. वडिलांना यातलं कॉन्स्टंटाइनचं काही ठाऊक नव्हतं. पण आमच्या वाडीत कामाला येणारे आदिवासी गडी ख्रिस्ती नसूनही त्यांना ते रविवारी बोलावत नसत. ‘दहा आज्ञांत गड्याचं नाव आहे’, म्हणायचे. खरंच आहे. बायबलमधल्या विसाव्याच्या आज्ञेत मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं आणि दारी आलेला परका, सगळ्यांना विसावा सांगितला आहे. एकट्याने सुट्टी घेऊन दुसऱ्याला राबवायचं, हे त्यात बसत नाही.

रविवारची सुट्टी ही इंग्रजांची खूण आहे, वार बदला, असं अधूनमधून ऐकू येतं. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो १० जून १८९० पासून, आणि तो मिळवला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागे होतं. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. जेजुरीचा वार आणि आमचा प्रभूचा वार एकच निघाला, आणि गिरणीत सुट्टी म्हणून तो लढूनच मिळाला.

कोकणात याहून जुनी गोष्ट आहे. रायगडच्या गावांतले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे आणि शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवायचे. गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागलं. सोमवारी घाणा थांबवणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’. शेजाऱ्याचा विसाव्याचा वार गावाला इतका ठाऊक होता की, तेच त्याचं नाव झालं. ‘तुझा घाणा बुधवारी थांबव’ असं कुणी म्हटल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

अमेरिकेत जेरल्ड ग्रॉफ नावाच्या टपाल कर्मचाऱ्यावर रविवारी ॲमेझॉनची पार्सलं वाटायची पाळी आली. त्याने नकार दिला, नोकरी सोडली आणि दाद मागितली. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की, धंद्यावर मोठा भार पडतो हे दाखवल्याशिवाय मालकाला अशी सवलत नाकारता येत नाही. आपल्या कायद्यातही एवढी ओळ का नसावी? कामगाराला कोणता वार हवा ते लेखी विचारावं, नाकारायचा तर कारण लेखी द्यावं. मुसलमान मुलाला शुक्रवारची दुपार हवी असेल, कुणाला एकादशी. आम्हाला महिन्याचे दोन रविवार मिळाले तरी पुष्कळ. परिचारिका, मोटरमन, पोलीस यांना रविवारी यावंच लागतं; त्यांच्याबद्दल तक्रार नाही. रविवारच्या स्पर्धा परीक्षांबद्दलही नाही, शनिवार संध्याकाळची मिस्सा चर्चला चालते. कपडे मात्र सोमवारीही विकत घेता येतात.

आणि हे मला माझ्या ख्रिस्ती भावाबहिणींनाही सांगायचं आहे. मिस्सा सुटली की आपल्यातलीच कितीतरी कुटुंबं मॉलकडे वळतात. मीही जात होते. काउंटरमागे उभी असलेली मुलगी कुणाच्या तरी घरची आहे, हे माझी मुलगी तिथे उभी राहीपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. आता दोन वर्षं झाली, रविवारी मी काही विकत घेत नाही. शनिवारी संध्याकाळी दूध-भाजी आणून ठेवते, वडील चारा कापून ठेवायचे तसं.

ईस्टर तर रविवारीच येतो, म्हणून त्याची वेगळी सुट्टीही नसते. मुलीने ईस्टरच्या रजेचा अर्ज आतापासूनच दिला आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

आपली,
एक वाचक, वसई