अंतुल्यांबद्दल तू विचारलंस म्हणून

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वहिनींची तब्येत आता बरी आहे हे वाचून हायसं वाटलं. पत्राच्या शेवटी तू जे विचारलंस, ते मात्र डोक्यातून जाईना. ‘सिमेंट प्रकरणात मुख्यमंत्रिपद गेलेल्या माणसाचं नाव तुमच्या रायगडात लोक अजून इतक्या आदराने कसं घेतात?’ फोनवर बोलायला लागलो तर आपण भांडू, म्हणून सविस्तर लिहितोय.

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले आमच्याच म्हसळा तालुक्यातले. सावित्रीच्या काठावरचं आंबेत हे त्यांचं गाव. 1962 साली ते श्रीवर्धनमधून आमदार झाले आणि 9 जून 1980 रोजी मुख्यमंत्री. जुनी माणसं आजही नुसतं ‘बॅरिस्टर’ म्हणतात, पुढे नाव लावावं लागत नाही. तुमच्या सातारा-सांगलीकडे मुख्यमंत्री कसे घडले ते तू जाणतोस. साखर कारखाना, जिल्हा बँक, सोयरीक, सगळं पाठीशी. अंतुल्यांकडे त्यातलं काहीच नव्हतं. पडत्या काळात इंदिरा गांधींची साथ सोडली नाही, एवढंच भांडवल. दिल्लीची मर्जी फिरली की संपलं, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. त्यांच्या कामाच्या घाईचं मूळ मला तिथेच दिसतं.

आणि घाई केवढी! 1 जानेवारी 1981 ला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. महाराजांच्या राजधानीचं नाव जिल्ह्याला दिलं ते एका कोकणी मुसलमान मुख्यमंत्र्याने, याचा इथे सगळ्यांनाच अभिमान आहे. त्याच वर्षी 1 मे रोजी सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे झाले. सावंतवाडीच्या माणसाला कलेक्टर कचेरीतल्या एका सहीसाठी रत्नागिरी गाठावी लागायची, तिथेच मुक्काम पडायचा. तो फेरा सुटला. लंडनहून भवानी तलवार आणण्याची घोषणा मात्र घोषणाच राहिली, आणि ती तशी राहणार हे तेव्हाही जाणकार सांगत होते.

पण लोकांच्या मनात ते राहिले ते संजय गांधी निराधार योजनेमुळे. एकदा आमच्या तहसील कचेरीत येऊन बघ. एका टेबलाचं नावच ‘संगायो’ पडलंय. समोर बाकावर बायका बसलेल्या असतात, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक, उत्पन्नाचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स. विधवांना महिन्याला 1,500 रुपये मिळतात. एवढ्यात काय होतं, असं तू म्हणशील. अरे, औषधाच्या गोळ्यांसाठी सुनेपुढे हात पसरावा लागत नाही, हे होतं. माझ्या मावशीला हे पैसे मिळायचे. तिच्या देव्हाऱ्यात इंदिरा गांधींचा फोटो का होता, ते मला फार उशिरा कळलं. म्हाताऱ्या, विधवा, अपंग माणसाचा सरकारवर हक्क आहे, ही गोष्ट 1980 साली कागदावर आणणं लहान नव्हतं.

आता सिमेंट. आजच्या पोरांना सांगूनही पटणार नाही, पण तेव्हा सिमेंट नियंत्रणाखाली होतं. घराचा स्लॅब टाकायचा तर परमिटसाठी अर्ज करायचा, खेटे घालायचे, आणि नाहीच मिळालं तर काळ्या बाजारात दामदुप्पट मोजायचे. कुणाला किती गोणी द्यायच्या हे सरकार ठरवणार म्हटल्यावर मुंबईतल्या बिल्डरच्या दृष्टीने मंत्रालयातली सही सोन्याची झाली. अंतुल्यांनी काढलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान या ट्रस्टला देणग्या गेल्या आणि देणाऱ्यांना सिमेंटचा कोटा मिळाला. 31 ऑगस्ट 1981 ला पत्रकार अरुण शौरींनी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये ते छापलं. समाजवादी नेते प. बा. सामंत कोर्टात गेले. 12 जानेवारी 1982 रोजी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि कोटा यांचा संबंध स्पष्ट शब्दांत मांडला आणि अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं.

‘पैसे स्वतःच्या खिशात नाही घातले, ट्रस्टला दिले,’ असं इथले लोक म्हणतात. मला ते मान्य नाही. सार्वजनिक वस्तू देण्याघेण्यात वापरली की पैसा कुठल्या खिशात गेला याने फरक पडत नाही. ज्या गरिबाच्या घराचा स्लॅब त्या वर्षी रखडला, त्याने ती किंमत मोजलीच.

पण अविनाश, तुझा प्रश्न मला अर्धवट वाटतो तो इथे. निराधारांची योजना एका पारड्यात आणि सिमेंट दुसऱ्या पारड्यात घालून हिशेब लागत नाही, कारण दोन्ही एकाच स्वभावातून आलं. फाइल खालून वर येईपर्यंत थांबायचं नाही, सचिव काय शेरा मारतो ते बघायचं नाही, आपण ठरवलं म्हणजे झालं. त्या झपाट्याने विधवेला पैसे मिळाले आणि त्याच झपाट्याने बिल्डरला गोणी. लोकांना ‘काम करणारा माणूस’ आवडतो, आणि त्याला अडवणारा प्रत्येक नियम त्यांना वैरी वाटतो. आम्ही रायगडकरही तसेच वागलो. 1989, 1991, 1996 आणि 2004 साली त्यांना लोकसभेवर पाठवलं.

खटल्याचं जे झालं त्याचा मला सर्वांत राग आहे. भाजपचे नेते रामदास नायक यांनी अंतुल्यांवर भ्रष्टाचाराची फिर्याद केली. राज्यपालांची परवानगी लागते का, आमदार लोकसेवक आहे का, खटला विशेष न्यायाधीशापुढे चालवायचा की हायकोर्टात, यावरच वर्षं गेली. 1984 साली सुप्रीम कोर्टाने तो हायकोर्टाकडे दिला आणि 1988 साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने आपलाच तो आदेश चुकीचा ठरवला. कायद्याची मुलं आज अंतुल्यांचं नाव अधिकारक्षेत्रासाठी, म्हणजे कुठला खटला कुठल्या कोर्टाने चालवायचा यासाठी, पाठ करतात. वेळेवर साक्षीपुरावे होऊन निकाल लागला असता तर त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनाही खरंखोटं सांगता आलं असतं.

2008 साली मुंबईवरच्या हल्ल्यात पोलीस अधिकारी हेमंत करकरे मारले गेले, तेव्हा त्यांच्या मृत्यूमागे आणखी काही आहे का, अशी शंका अंतुल्यांनी केंद्रीय मंत्री असताना जाहीरपणे घेतली. ते मला तेव्हाही अयोग्य वाटलं आणि आजही वाटतं. शंका होती तर ती मंत्रिमंडळात मांडायची होती. पुढच्या वर्षी लोकसभेला शिवसेनेच्या अनंत गीतेंनी त्यांना हरवलं. 2 डिसेंबर 2014 ला ते गेले.

तुझ्या काकांकडे त्या काळच्या वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत असं तू मागे म्हणाला होतास. लेंटिन निकालाच्या दिवसांतली असतील तर झेरॉक्स काढून पाठव. आणि माझं म्हणणं पटलं नाही तर तसं सरळ लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास