जिन्याच्या सतरा पायऱ्या आणि वरच्या खोलीतला प्रिंटर

बंगळूरु,
१२ फेब्रुवारी २०२३

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे आणि अक्षर मुद्दाम मोठे ठेवले आहे, म्हणजे आईला वाचायचा चष्मा शोधत बसावे लागणार नाही. हे सारे फोनवर सांगण्याचा मी तीनदा प्रयत्न केला. परंतु प्रत्येक वेळी बाबा ‘बरं, बघू’ एवढेच म्हणाले आणि आईने गॅसवर दूध असल्याचे सांगून फोन ठेवला. बाबा रागावले आहेत आणि त्यांचा राग रास्त आहे, हे मला तेवढ्यावरून कळले.

संक्रांतीला आले होते तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री, तुम्ही दोघे झोपल्यावर, मी वरच्या खोलीत गेले आणि बाबांच्या संगणकाला राउटरशी जोडणारी केबल काढून घेतली. ती नीट गुंडाळून नाना आजोबांच्या ट्रंकेत ठेवली आहे. सकाळी निघण्याच्या घाईत हे तोंडावर सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. बाबा, तुमच्या टेबलाला न विचारता हात लावायचा नाही, हा आपल्या घरचा नियम मी आठवीत असताना एकदा मोडला होता आणि त्यानंतर आजवर पाळला होता. या वेळी तो का मोडला, ते सविस्तर लिहिते.

आई, तू ३ जानेवारीला जिन्यावरून घसरलीस, हे तू मला सांगितले नाहीस. तिळगूळ द्यायला आलेल्या शेजारच्या काकूंनी ते सांगितले, आणि तेव्हाही तू ‘शेवटचीच पायरी होती’ म्हणून विषय टाळलास. तुझ्या हातात त्या वेळी पेन ड्राइव्ह होता, हेही काकूंनीच सांगितले. भजनी मंडळाच्या चौदा जणींसाठी अभंगाचे कागद छापायचे होते, तुझा लॅपटॉप खाली आणि प्रिंटर वर. पूर्वी तू खालूनच छपाईची आज्ञा द्यायचीस आणि बाबा चहाला उतरताना कागद घेऊन येत असत. ती सोय नोव्हेंबरपासून बंद पडली होती आणि ती दुरुस्त करण्याच्या नावाखाली मी तुम्हा दोघांना चार रविवार फोनवर धरून बसवले होते. ‘आई, जरा वर जाऊन बघ, कागद आला का?’ हे वाक्य त्या चार रविवारी मी किती वेळा उच्चारले असेल, याचा हिशेब मी काकू बोलल्या त्या रात्री अंथरुणावर पडून केला. एका संध्याकाळी तरी अकरा वेळा. तुझ्या गुडघ्यांविषयी डॉक्टरांनी काय बजावले आहे ते मला पाठ आहे, आणि तरीही मी तुला अकरा वेळा वर पाठवले.

त्या चार रविवारी आपण काय केले आणि चुकले कुठे, हे बाबांना कळले पाहिजे, कारण दोष आपल्याच हातून घडला असे ते अजून समजत आहेत. पहिल्या रविवारी बाबांनी काळ्या पडद्यावरचा संगणकाचा पत्ता वाचून दाखवला, तो १६९.२५४ ने सुरू होत होता. तसा पत्ता दिसला की समजावे, संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक ठरवून घेतला आहे. केबल खोबणीत नीट बसलेली नव्हती. ती दाबून बसवल्यावर १९२.१६८.१.७ असा योग्य पत्ता आला. दुसऱ्या रविवारी खालच्या लॅपटॉपवरून वरच्या संगणकाला पिंग करून, म्हणजे उत्तर मागणारा छोटा संदेश पाठवून पाहिले. उत्तर आले नाही, म्हणून वरच्या संगणकावरच्या एक्सपी या जुन्या विंडोजच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून येणारे संदेश अडवणाऱ्या राखणीत, फाइल आणि प्रिंटर शेअरिंगला मुभा आहे की नाही ते बाबांनी तपासले, राहिलेली खूण केली, आणि लगेच चार उत्तरे ओळीने आली. बाबा, तेव्हाचा तुमचा आनंद मला फोनमधून ऐकू आला होता. तिसऱ्या रविवारी मी तुम्हाला वर्कग्रुपचे, म्हणजे घरातल्या संगणकांच्या गटाचे, नाव तपासायला लावले, कारण एक्सपीच्या होम आवृत्तीत ते मुळात एमएसहोम असते आणि नंतरच्या विंडोजमध्ये वर्कग्रुप असते. ते तर मी २०१२ सालीच जुळवून ठेवले होते. तो रविवार निव्वळ माझ्या विसराळूपणामुळे वाया गेला.

खरे कारण चौथ्या रविवारी सापडले, आणि तेही आईमुळे. लॅपटॉपवर दर वेळी एक लांबलचक संदेश येत होता व आई तो फुलीवर टिचकी मारून बंद करत होती. तो काय म्हणतो हे मी तिला कधी विचारलेच नव्हते. शेवटी तिने तो अक्षर अक्षर लावून वाचला: ही जोडणी सुरक्षित नाही, कारण तिला एसएमबी १ ही जुनी पद्धत लागते. दोन संगणकांनी एकमेकांच्या फाइली आणि प्रिंटर वापरायचे असतील, तर त्यांना बोलण्याची एक समान भाषा लागते. बाबांच्या एक्सपीला त्या भाषेची १९८०च्या दशकातली पहिली बोलीच तेवढी येते. आईचा लॅपटॉप विंडोज ७ वर होता तोवर त्यालाही ती येत होती. पुढे मी तो विंडोज १० वर नेला, तेव्हाही ती बोली त्यात टिकून राहिली. मात्र अशा संगणकात एक व्यवस्था असते की, बंद असलेला काळ सोडून एकूण पंधरा दिवस ती बोली वापरली गेली नाही, तर ती आपोआप काढून टाकली जाते.

आता हे पंधरा दिवस कधी भरले असतील, ते पाहा. दसऱ्यानंतर तुम्ही माझ्याकडे आलात, दिवाळी केलीत आणि तुळशीचे लग्न लावूनच परत गेलात. आईचा लॅपटॉप त्या काळात आमच्या दिवाणखान्यात दिवसरात्र चालू असे. सकाळी आईचा हरिपाठ, दुपारी चिऊची चित्रे. सांगलीच्या वरच्या खोलीतल्या संगणकाशी बोलण्याची वेळ त्याच्यावर एकदाही आली नाही. तुम्ही माझ्या आग्रहाखातर जास्त दिवस राहिलात आणि तेवढ्यात घरची सोय मोडली. बाबा, म्हणून सांगते, तुमच्या हातून काहीही बिघडलेले नाही.

तुम्ही म्हणाल, की कारण सापडले, तर ती बोली पुन्हा चालू करावी. ते पाच मिनिटांचे काम आहे आणि एकदा हाताने बसवली की ती पुन्हा आपोआप जातही नाही. संक्रांतीच्या रात्री मी त्यासाठीच लॅपटॉप उघडला होता. विंडोजच्या घटकांची यादी समोर होती, खूण करायचे बाकी होते आणि माझे मन झाले नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला, तो याच पहिल्या बोलीतल्या एका फटीतून. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना त्यामुळे ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. असा प्रोग्राम फाइली कुलूपबंद करून पैसे मागतो आणि एका संगणकातून त्याच घरातल्या दुसऱ्यात शिरतो. त्या विशिष्ट फटीवर उपाय निघाला होता, हे खरे. परंतु एक्सपीला नियमित दुरुस्त्या मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले आहे, आणि त्यानंतर सापडणाऱ्या फटी उघड्याच राहतात. तुमच्या त्या संगणकात कुळवृत्तांताची सोळा वर्षांची मेहनत आहे, बाबा. गुहागरपासून इंदूरपर्यंत पत्रे लिहून, लग्नाकार्यांत माणसे गाठून, नाना आजोबांच्या वहीतली मोडी लावून तुम्ही ती माहिती जमवली. ती एका उघड्या खिडकीच्या भरवशावर ठेवणे मला जमले नाही.

शिवाय मी एकटी परगावी बसून हे निस्तरू शकत नाही, हेही कारण आहे. उद्या पुन्हा काही अडले, तर पुन्हा तेच चार रविवार आणि पुन्हा तोच जिना.

म्हणून मी ठरवले आणि त्याप्रमाणे व्यवस्थाही केली आहे. रविवारी, १९ तारखेला, सकाळी अकरा वाजता एक माणूस येईल. शनिवारी महाशिवरात्र आहे आणि आईचा उपास असतो, म्हणून मी मुद्दाम तो दिवस टाळला. तो माणूस खाली, देवघराशेजारच्या फडताळावर, एक नवा प्रिंटर ठेवील. हा प्रिंटर कोणत्याही संगणकाला बांधलेला नसून थेट राउटरशी जोडलेला असेल, त्यामुळे आईला छपाईसाठी कोणाचाही संगणक चालू असावा लागणार नाही आणि जिना चढावा लागणार नाही. वरच्या खोलीत बाबांच्या टेबलावर माझा विंडोज १० चा जुना संगणक येईल. त्यावर ‘कुळवृत्तांत’ नावाचा एक सामायिक फोल्डर असेल आणि तो आईच्या लॅपटॉपवरही दिसेल, म्हणजे मुद्रिते तपासायचे काम आई खाली झोपाळ्यावर बसूनच करू शकेल.

बाबा, तुमचा जुना संगणक कुठेही जाणार नाही. तो त्याच जागी, त्याच खुर्चीसमोर राहील, जुना प्रिंटरही त्याला जोडलेलाच राहील आणि तुमच्या बोटांना सवय असलेला कळफलक मी बदलू देणार नाही. तुमच्या साऱ्या फाइली जुन्या फाँटात आहेत. त्यांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असल्याने तो फाँट नसलेल्या संगणकावर त्या वेड्यावाकड्या चिन्हांसारख्या दिसतात, म्हणून त्या नीट वाचण्यासाठी हा जुना संगणक लागणारच आहे. तो फक्त जाळ्यात नसेल. त्यावरची फाइल नव्या संगणकावर न्यायची झाली, तर पेन ड्राइव्हचा प्रवास एका टेबलावर, हातभर अंतराचा असेल. सर्व फाइलींची एक प्रत मी त्या रात्रीच बाहेरच्या डिस्कवर घेतली आहे आणि डिस्क आईच्या कपाटात, पैठणीच्या खाली ठेवली आहे. मे महिन्यात येईन तेव्हा आपण दोघे बसून एकेक प्रकरण युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी नीट दिसते त्या पद्धतीत, आणू. तुम्ही वाचा आणि मी तपासते.

तो संगणक तुम्हाला किती प्रिय आहे हे मी विसरलेले नाही. बारावीच्या वर्षी भारनियमनामुळे वीज रात्री येत असे, तेव्हा माझा प्रकल्प तुम्ही पहाटे तीनला उठून त्याच्यावर टंकून दिला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी उंबऱ्याला लागले, तेव्हा आईच्या गोधडीत गुंडाळून तुम्ही तो वर नेला आणि त्यानंतर तो खाली आलाच नाही. त्याच जिन्यावर तुम्ही मला एक ते सतरा अंक शिकवलेत, आणि आठव्या पायरीवर बसवून आईने मला वरणभात भरवला, कारण मला तिथूनच अंगणातली मनी दिसत असे. अजूनही मी कुठलाही जिना चढताना मनात मोजते. त्या जिन्यावर आई पेन ड्राइव्ह घेऊन घसरते, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आता काही गोष्टी निक्षून सांगते आणि त्या ऐकायच्याच आहेत. बाबा, केबल तपासायला टेबलाखाली वाकायचे नाही. तो माणूस केबल भिंतीला लावून देणार आहे आणि तरीही शंका आली, तर त्यालाच बोलवायचे. ट्रंकेतली केबल काढून जुन्या संगणकाला पुन्हा लावायची नाही, अगदी ‘पाच मिनिटांसाठी’ सुद्धा नाही. नव्या प्रिंटरचा पत्ता राउटरमध्ये १९२.१६८.१.५० असा राखून ठेवायला मी सांगितले आहे, कारण वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलला तर संगणकाला प्रिंटर सापडत नाही आणि तो बंद असल्याचे दाखवतो. तेव्हा राउटर बदलला, तर मला आधी कळवायचे. आई, पाहुण्यांसाठीचे जे वेगळे वायफाय आहे, त्याला तुझा लॅपटॉप जोडू नकोस, कारण तिथून घरातला प्रिंटर दिसत नाही. कागद आला नाही तर पुन्हा पुन्हा छपाईची आज्ञा देऊ नकोस, सगळे कागद रांगेत साचतात. आधी प्रिंटरवरचा दिवा आणि कागद पाहा. मग राउटर बंद करून चालू कर, दोन मिनिटे थांब, त्यानंतर प्रिंटर आणि शेवटी लॅपटॉप, याच क्रमाने. तेवढ्याने झाले नाही, तर तो कागद त्या दिवशी छापायचा नाही आणि मला फोन करायचा. आणि स्क्रीनवर काही संदेश आला, तर तो फुलीवर टिचकी मारण्याआधी मला वाचून दाखव. मी या वेळी पूर्ण ऐकेन.

पावसाळ्यात पाणी वाढल्याची बातमी आली, तर तो नवा प्रिंटर खालीच राहू द्या. तो भिजला तर दुसरा आणता येईल. तुम्ही दोघांनी काही उचलायचे नाही.

खर्चाविषयी बाबा विचारतील, म्हणून लिहिते: संगणक माझ्याकडे पडून होता आणि प्रिंटर भाऊबिजेच्या ओवाळणीत दादाने दिलेल्या पैशांतून घेतला आहे, त्यामुळे त्याबद्दल काही बोलायचे नाही. त्या माणसाला चहा द्यावासा वाटला तर द्या. पण आईने त्यासाठी शिरा करत उभे राहू नये.

बाबा, मी आधी विचारायला हवे होते. विचारले असते तर तुम्ही नाही म्हणाला असता आणि मग मला तुमचा शब्द मोडावा लागला असता, ते मला याहून जड गेले असते. रविवारी रात्री आठ वाजता मी फोन करीन. तोपर्यंत आईने खालून पहिला अभंग छापून पाहिलेला असू दे, आणि फोन तुम्ही घ्या.

चिऊचा तुम्हा दोघांना साष्टांग नमस्कार.

तुमची
मनू