मी तुला दिलेली टीम

ट्रॉय, मिशिगन
३ मे २०२५

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू एवढंच म्हणालास, "बाबा, परत हरलो," आणि मग आपण दोघंही गप्प बसलो. आई शेजारी उभी होती, तिला वाटलं फोन कट झाला. मला जे बोलायचं होतं ते घशातच राहिलं. म्हणून आज लिहायला बसलोय. मराठीतच लिहितोय, कारण मनातलं मला दुसऱ्या भाषेत धड सांगता येत नाही. रविवारच्या शाळेत शिकलेलं वाचन तू विसरला नसशील. एखादा शब्द अडला तर आईला विचार.

ही बास्केटबॉलची टीम, डेट्रॉईट पिस्टन्स, तू निवडली नव्हतीस, तुला ती मी दिली. जून २००४ मध्ये कंपनीने मला पिंपरीहून इथे दोन वर्षांसाठी पाठवलं आणि मी येऊन पंधरा दिवस होत नाहीत तोवर पिस्टन्सनी लेकर्सना ४-१ हरवून एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचं, अजिंक्यपद मिळवलं. तोवर मला कबड्डी आणि क्रिकेट सोडून कशातलं काही कळत नव्हतं. पण कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सगळे बेन वॉलेसबद्दल घरच्या माणसासारखं बोलायचे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ज्याला एकाही टीमने घेतलं नव्हतं, असा हा माणूस. बिलप्स, हॅमिल्टन, प्रिन्स आणि दोन वॉलेस. समोर लेकर्सचे शॅक आणि कोबी हे दोन दिग्गज असूनही हे पाच जण एकमेकांना धरून खेळले. परक्या गावात मला पहिल्यांदा कुठलं काही आपलं वाटलं असेल, तर ते हे. त्या वेळी पिस्टन्स ऑबर्न हिल्सच्या 'पॅलेस'मध्ये खेळायचे, आपल्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर. पुढे टीम २०१७ मध्ये डेट्रॉईटच्या मध्यवस्तीत गेली आणि २०२० मध्ये तो पॅलेसही पाडला.

२६ मे २००८. बॉस्टनविरुद्ध चौथा सामना. तू दीड वर्षाचा होतास, माझ्या मांडीवर झोपला होतास, म्हणून मी ओरडलो नाही. आपण जिंकलो. तो प्लेऑफमधला (मोसमाअखेरच्या बाद फेरीतला) आपला पुढच्या कित्येक वर्षांसाठीचा शेवटचा विजय असेल, असं त्या रात्री मला कुणी सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता. त्याच वर्षी, नव्या मोसमाच्या सुरुवातीलाच बिलप्सला डेन्व्हरला देऊन टाकलं आणि सगळं उसवत गेलं. २००९, २०१६, २०१९ अशा तीनदा प्लेऑफला पोहोचलो आणि तिन्ही वेळा चार-शून्य हरलो. मी ज्या टीमच्या गोष्टी तुला झोपताना सांगायचो ती तू डोळ्यांनी कधी पाहिलीच नाहीस. शाळेत तुझे मित्र जिंकणाऱ्या टीमच्या जर्सी घालायचे आणि तू निळी-लाल घालून जायचास. एकदा तू घरी येऊन जर्सी काढलीस आणि न बोलता कपाटात कोंबलीस. मी दारातून बघत होतो. आपण पोराच्या गळ्यात हे काय बांधलं, असं मला त्या दिवशी वाटलं आणि नंतरही अनेकदा वाटलं.

आपलं भांडण झालं ते २०२३ च्या वसंतात. आठवतं ना? टीमचा तो मोसम १७ विजय, ६५ पराभव असा संपला. तू म्हणत होतास, हरू देत, जितकं हरू तितकं बरं, ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक लागेल आणि तो गाजलेला नवा खेळाडू वेंबान्यामा मिळेल. मला ते सहन झालं नाही. टीव्हीसमोर बसून आपलीच माणसं हरावीत असं मागणं मागायचं, हे मला आजही पटत नाही. मी तुझ्यावर ओरडलो, ते मात्र चुकलं. तुझं गणित चूक नव्हतंच. ड्राफ्टच्या सोडतीत सगळ्यात वाईट तीन टीमना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी, आणि सगळ्यात शेवटची टीम फार तर पाचव्यापर्यंत घसरते, हे मला तूच वहीवर काढून दाखवलं होतंस. आणि आपण नेमके पाचव्यावर घसरलो. वेंबान्यामा सॅन अँटोनिओला गेला. पुढच्या वर्षी १४-६८, पुन्हा सगळ्यात शेवटी, पुन्हा पाचवा क्रमांक. त्या रात्री तू पेन खाली ठेवलंस आणि म्हणालास, "ठीक आहे, जो येईल तो आपला." माझं पोर मोठं झालं, हे मला तेव्हा कळलं.

डिसेंबर २०२३ बद्दल आपण फार बोलत नाही. दोन विजय, एक पराभव अशी सुरुवात, आणि त्यानंतर सलग २८ पराभव. ब्रुकलिनविरुद्ध आपल्या केड कनिंगहॅमने एकट्याने ४१ पॉइंट केले तरी सत्ताविसावा पराभव पदरात पडला आणि एका मोसमातल्या सलग पराभवांचा विक्रम आपल्या नावावर लागला. प्रेक्षक 'टीम विका' म्हणून ओरडत होते. ३० डिसेंबरला टोरोंटोविरुद्धची तिकिटं मी काढली तेव्हा आई म्हणाली, "सुट्टीत पोराला अजून किती रडवायचंय?" तरी आपण गेलो. वरच्या रांगेत आपल्या शेजारी ते आजोबा होते, कारखान्यातून निवृत्त झालेले. शेवटच्या दोन मिनिटांत टोरोंटोचा शॉट आला की ते डोळे मिटून घ्यायचे आणि तुझं मनगट धरून विचारायचे, "गेला का?" तू सांगायचास, "नाही गेला," की डोळे उघडायचे. गेला तर तू काहीच बोलायचा नाहीस, मग त्यांनाही कळायचं. १२९-१२७. केडचे ३० पॉइंट, १२ असिस्ट (ज्यावर दुसऱ्याने बास्केट केली असे पास). लोक असे रडत होते की कुणाला वाटावं अजिंक्यपद मिळालं. आजोबांनी तुझं मनगट सोडलं तेव्हा त्यावर त्यांच्या बोटांचे वळ होते. गाडीत तू ते मला दाखवलेस.

त्याच दिवशी टोरोंटोने ओजी अनुनोबीला न्यूयॉर्कला दिलं होतं, त्यामुळे समोरची टीम अर्धीमुर्धी होती, असं तू परतीच्या वाटेवर प्रामाणिकपणे म्हणालास. तोच अनुनोबी यंदा प्लेऑफमध्ये न्यूयॉर्कच्या निक्सकडून आपल्यासमोर उभा राहिला.

मग हा मोसम. प्रशिक्षक बदलले, बिकरस्टाफ आले. टोबायस हॅरिस, हार्डवे, बीझ्ली अशी जाणती माणसं पोरांभोवती आणून बसवली. माझ्या मते खरी दुरुस्ती ती होती. इतकी वर्षं सगळी कोवळी पोरंच एकमेकांना सावरत होती, त्यांना हरताना बघून शिकवणारं कुणी नव्हतं. ऑसर थॉम्पसन रक्ताच्या गाठीमुळे मार्चपासून बाहेर होता, तो नोव्हेंबरमध्ये परत कोर्टवर उतरला, त्या दिवशी तू हॉस्टेलवरून मला तीनदा फोन केलास. आयव्हीचा पाय १ जानेवारीला मोडला तेव्हा पुन्हा सगळं ढासळणार, असं मी गृहीत धरलं होतं. तू धरलं नव्हतंस. १४ विजयांवरून एका वर्षात ४४. ८२ सामन्यांच्या पूर्ण मोसमांत एका वर्षात विजय तिप्पट करणारी टीम एनबीएत याआधी झाली नव्हती.

आणि २१ एप्रिल. निक्सच्या घरी, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, १००-९४. प्लेऑफमधले सलग १५ पराभव त्या रात्री थांबले. आपल्या श्रोडरचा तो थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) गेला तेव्हा मी उभा राहिलो आणि मग घरात गोल गोल फिरत राहिलो. आई हसत होती. तुझा फोन आला, पण तुझ्या तोंडून शब्द फुटेना, नुसता श्वास ऐकू येत होता. मला २००८ मधला तुझा झोपेतला श्वास आठवला. हे मी तुला त्या रात्री सांगितलं नाही.

निक्सविरुद्धच्या चौथ्या सामन्याचं दुःख मला अजून आहे. एका पॉइंटने मागे, हार्डवेने कोपऱ्यातून शॉट घेतला, निक्सचा जॉश हार्ट त्याच्या अंगावर गेला आणि शिट्टी वाजली नाही. सामना संपल्यावर पंचांनीच कबूल केलं की फाऊल द्यायला हवा होता. तीन फ्री थ्रो मिळाले असते. ९४-९३. परवाच्या सहाव्या सामन्यात मात्र मला कुणाबद्दल तक्रार नाही. निक्सच्या ब्रन्सनने ४० पॉइंट केले आणि ४.३ सेकंद उरले असताना ऑसरला चकवून तो थ्री मारला. आपल्या हातून पास निसटला. ११६-११३. तो चांगला खेळला आणि जिंकला.

तू "परत हरलो" म्हणालास, त्यातला 'परत' मला मान्य नाही. आधीच्या पंधरा वर्षांत आपण हरत होतो तेव्हा टीव्ही बंद करून उठता यायचं. परवा सामना संपल्यावर मी बंद पडद्यासमोर कितीतरी वेळ बसून होतो. असं मी २००८ नंतर बसलो नव्हतो. हे दुखणं चांगल्या टीमचं आहे, बाळा. तुला ते पहिल्यांदाच होतंय, म्हणून ओळखू आलं नाही.

आणि आणखी एक. मी या टीमबरोबर टिकलो ते आठवणींवर. मी २००४ पाहिलं होतं, माझ्याजवळ शिदोरी होती. तुझ्याजवळ काय होतं? काहीच नाही. तरी तू हलला नाहीस. मी तुला ही टीम दिली याचं मला इतकी वर्षं ओझं वाटत आलं, पण २०१९ नंतर माझ्याच्याने कितीदा सामना लावायचा धीर झाला नसता, आणि तू सोफ्यावर आधीच बसलेला असायचास म्हणून मी येऊन बसलो. त्या सगळ्या वर्षांत मला ही टीम तू दिलीस.

शुक्रवारी तुझी परीक्षा संपते. मी तीन वाजता न्यायला येतो. गॅरेजवरच्या बास्केटची जाळी या हिवाळ्यात पार फाटली. नवी आणून ठेवली आहे, पण लावलेली नाही. शिडी धरायला कुणीतरी लागतं.

तुझा,
बाबा