खंड्याला गोळी न देणाऱ्या मेडिकलवाल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव मी कधी विचारलंच नाही. इंदिरानगरच्या त्या मेडिकलमधून दोन वर्षं बीपीची आणि गुडघ्याची गोळी नेली, पण "ताई, नेहमीचं द्या" एवढ्यावरच आपलं भागायचं. परवा आभार मानायला आलो तर काउंटरवर नवीन मुलगा. मालक म्हणाले, तुमचं लग्न झालं, तुम्ही नाशिक सोडलं. नंबर मागितला तर नाही म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं, कोण कुठला म्हातारा येतो आणि पोरीचा नंबर मागतो! म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. कुणीतरी तुम्हाला दाखवेल.

मी सातपूरच्या कंपनीतून रिटायर झालेला माणूस. ओळख पटायला हे पुरणार नाही, असे छप्पन्न येतात तुमच्याकडं. डिसेंबरातली ती रात्र आठवा. साडेनऊ वाजलेले, बाहेर निफाडची थंडी अंगात घेऊन आलेलं वारं, तुम्ही शटर अर्धं ओढलेलं. मी कानटोपी घालून वाकून आत शिरलो आणि रिकामी स्ट्रिप काउंटरवर ठेवली. ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल. "दहा द्या."

तुम्ही म्हणालात, "काका, परवाच तर नेल्या ना दहा? गुडघा वाढला का?"

मी म्हटलं, "माझ्यासाठी नाही. खंड्यासाठी."

"खंड्या कोण?"

"आमचा कुत्रा."

हातात घेतलेली नवी स्ट्रिप तुम्ही परत ड्रॉवरमध्ये टाकली. त्या ड्रॉवरचा आवाज अजून कानात आहे, कारण त्यानंतर मी जे बोललो त्याची लाज वाटते. "पोरी, तू काय डॉक्टर आहेस का? पैसे घे आणि गोळी दे." असंच म्हणालो मी. अगं-तुगं करून. पाचशेची नोट काउंटरवर आपटली.

तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही विचारलंत, "आधी दिलीय का त्याला?" मी सांगितलं, तीन दिवस अर्धी अर्धी, पोळीच्या तुकड्यात तूप लावून. मग तुमचा पुढचा प्रश्न असा होता की मी हसणारच होतो. "शी कशी होतेय त्याला?"

काळी होत होती. डांबरासारखी, चिकट. सकाळी झाडाखाली बघून मला वाटलं होतं की काहीतरी खाल्लं असेल उकिरड्यावर.

"काका, ते रक्त आहे. पोटातलं." एवढंच म्हणून तुम्ही औषधाच्या पाकिटावर जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर लिहून दिलात. मी तरी घुटमळत होतो, तेव्हा म्हणालात की आजीनं तुमच्या मांजरीला ताप आला म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा दिला होता. हिरड्या तपकिरी पडल्या, तोंड सुजलं, दुसऱ्या दिवशी गेली. ते सांगताना तुम्ही हिशोबाच्या वहीकडं बघत होतात.

मी गेलो. पाचशेची नोट तिथंच राहिली. तिच्याकडं नंतर येतो.

आता त्या रात्री मी गोळी का मागत होतो ते सांगतो. खंड्या बारा वर्षांचा. २०१३ च्या चंपाषष्ठीला देवळाली कॅम्पात खंडोबाच्या टेकडीखाली सापडला. जत्रेच्या गर्दीत मुठीएवढं पिल्लू, आई कुठंच नाही. म्हणून खंड्या. गावठीच, पण कुठल्या तरी पिढीत लॅब्राडॉर डोकावलेला असणार, कारण खाण्यावर तुटून पडतो. गेल्या पावसाळ्यापासून तो ॲक्टिवाच्या पुढच्या जागेवर उडी मारेना. आम्ही म्हटलं, वय झालं. मग रात्री जागा बदलून बदलून झोपायला लागला. मग पुढच्या पायाचं मनगट चाटून चाटून तिथले केस लालसर केले. त्यालाही आम्ही म्हटलं, वय झालं. सोसायटीत फिरताना मागचे दोन पाय सशासारखे एकदम टाकायचा, तर शेजारची पोरं हसायची आणि मीही हसायचो.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की हे सगळं सांध्यांच्या दुखण्याचंच बोलणं होतं. जुनाट दुखण्यात कुत्रं केकाटत नाही, ते फक्त एकेक गोष्ट करायची सोडून देतं. जिना सोडतं, उडी सोडतं, दारात येऊन शेपूट हलवणं सोडतं. वय हा काही आजार नाही, असंही म्हणाले. माझ्या गुडघ्याला मात्र मी कधी "वय झालं" म्हणून सोडलं नव्हतं, त्याला गोळी चालू होती.

तुमच्या पाकिटावरच्या नंबरानं रात्रीच फोन उचलला. "गोळी बंद. आता काही देऊ नका, सकाळी घेऊन या." सकाळी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन उतरलेलं, मूत्रपिंड आणि यकृताचे आकडे नशिबानं ठीक. अजून चार-पाच दिवस दिली असती तर हे वाक्य मला लिहिता आलं नसतं, असं डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून कळलं. पोटाच्या जखमा भरायची औषधं सुरू झाली आणि दुखण्यासाठी गाबापेंटिन, कारण ते माझ्या गोळीच्या जातीचं औषध नाही, पोटाला खात नाही. त्यानं तो दोन दिवस दारू प्यायल्यासारखा डुलत चालला, पण झोपला. किती महिन्यांनी सलग झोपला!

मी डॉक्टरांना विचारलं, माणसाला चालतं ते कुत्र्याला का नाही? मी मशीनवर काम केलेला माणूस म्हणून असेल, त्यांनी मला कळेल असं सांगितलं. सांध्यात सूज आणि ठणका आणणारी जी रसायनं अंगात तयार होतात, त्यांच्याच भाऊबंदांकडं दुसरंही काम असतं. पोटाच्या आतल्या अस्तराला ॲसिडपासून जपणं आणि मूत्रपिंडाला रक्त पुरवणं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गोळ्या दोन्ही पाळ्या बंद पाडतात. आपलं शरीर ते बऱ्यापैकी निभावतं, कुत्र्याचं नाही. त्यातून औषध बाहेर टाकायचा वेगही वेगळा. नॅप्रोक्सेन आपल्या अंगात निम्मं व्हायला १२ ते १७ तास लागतात, कुत्र्यात ७४ तासांच्या आसपास. म्हणजे आज दिलेली गोळी उतरायच्या आत उद्याची आणि परवाची तिच्या डोक्यावर जाऊन बसते. "अर्धीच तर दिली" याला काही अर्थ राहत नाही.

तीन आठवड्यांनी, शी नीट झाल्यावर आणि रक्त पुन्हा तपासल्यावर, त्यांनी मेलॉक्सिकॅम सुरू केलं. कुत्र्यांसाठीचं पातळ औषध, सिरिंजनं वजनाप्रमाणे मोजून, जेवणानंतर, दिवसातून एकदा. हे औषध तुमच्या ड्रॉवरमध्येही आहे, माणसांचं, साडेसात आणि पंधरा मिलिग्रॅमच्या गोळीत. खंड्याचा रोजचा डोस किलोमागं ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे सगळा मिळून तीनच्या आसपास. नाव तेच, पण माणसाची एक गोळी म्हणजे त्याचे दोन-अडीच किंवा पाच दिवस. हे कळल्यावर मला पुन्हा तुमचा ड्रॉवर आठवला. कुणी अर्धवट माहितीवर "मेलॉक्सिकॅम चालतं कुत्र्याला" म्हणून तुमच्याकडं मागायला आलं असतं, तर तुम्ही त्यालाही हेच विचारलं असतंत, कोणासाठी?

पथ्यं थोडीच, पण डॉक्टरांनी माझ्याकडून वदवून घेतली. ॲसिक्लोफेनॅक, मेलॉक्सिकॅम या जातीची दोन औषधं एकत्र नाहीत आणि त्यांच्यासोबत स्टेरॉइड कधीच नाही. एक बदलून दुसरं सुरू करायचं तर मध्ये काही दिवस मोकळे. उलटी झाली, जेवण सोडलं, पाणी जास्त प्यायला लागला किंवा शी काळी दिसली, की त्या दिवसाचा डोस द्यायचा नाही आणि आधी फोन करायचा. आणि दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं. बायको म्हणते, तुमचं स्वतःचं इतक्या वेळा तपासलं असतं तर.

एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे, कारण ती ऐकून मी दवाखान्यात गप्प बसलो. आमच्या लहानपणी त्र्यंबकला जाताना अंजनेरीच्या कड्यावर गिधाडं घिरट्या घालताना दिसायची. मग दिसेनाशी झाली. मला वाटायचं, शहर वाढलं म्हणून. डॉक्टर म्हणाले, गोळीनं. आजारी जनावराला डायक्लोफेनॅक द्यायचे, ते मेलं की गिधाडं खायची आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. २००४ मध्ये हे सिद्ध झालं, तोवर देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९५ टक्क्यांहून जास्त संपली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. गिधाडांना सोसणारं म्हणून जे औषध पुढं आलं ते मेलॉक्सिकॅम, खंड्याच्या सिरिंजमधलं. आणि ॲसिक्लोफेनॅक? ते गाईच्या अंगात गेलं की त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. जनावरांसाठी त्याच्यावरही २०२३ मध्ये केंद्रानं बंदी घातली. मी रिकामी स्ट्रिप नाचवत जी गोळी मागत होतो, तीच.

बाकी जे केलं त्यात औषध कमी आणि घरकाम जास्त. वजन ३१ किलो भरलं. कारणं आमचीच होती, सकाळी चहासोबत चार पार्ले बिस्किटं, रविवारी मिसळीचा उरलेला पाव, रात्री तुपाची पोळी. डॉक्टरांनी एका जुन्या अभ्यासाचं सांगितलं. ४८ लॅब्राडॉर, जोड्या लावून निम्म्यांना जन्मभर २५ टक्के कमी खायला दिलं, तर ते साधारण पावणेदोन-दोन वर्षं जास्त जगले आणि सांधे उशिरा गेले. मी घरी येऊन हे सांगितलं तर सौ. म्हणाल्या, "म्हणजे मी त्याला मारत होते का?" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर गेला, माझीही बिस्किटं त्यातच गेली. आता खंड्या २७ किलो आहे. मी किती आहे ते विचारू नका.

डॉक्टरांचा आणखी एक प्रश्न होता, "द्राक्षं देता का?" जानेवारीचे दिवस, मेहुण्याचा मळा पिंपळगावला, घरात पेटी आलेलीच. आमच्यात द्राक्ष न मिळालेलं कुणी नसतं, कुत्रं-मांजरसुद्धा नाही. मी अभिमानानं हो म्हणालो. कुत्र्याला द्राक्षं आणि बेदाणे विषासारखे, मूत्रपिंडं जाऊ शकतात, हे नाशिकमध्ये साठ वर्षं काढून मला त्या दिवशी कळलं. बारा वर्षं हा प्राणी निव्वळ नशिबावर जगला म्हणायचा.

घरात फरश्या गुळगुळीत. खंड्या उठताना मागचे पाय फाकायचे आणि तो तसाच बसून राहायचा, आपल्याकडं न बघता. कपाटातल्या जुन्या सतरंज्या काढल्या, खाली रबरी जाळी टाकली, झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत वाट केली. नखं कापली. ॲक्टिवा बंद, बाहेरच्या दोन पायऱ्यांवर प्लायवूडचा उतार केला, त्यावर काथ्या चिकटवला. तासभराची एक फेरी मोडून पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन केल्या. थंडीत गोणपाटाच्या दोन घड्या आणि टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. पहिल्या रात्री त्यानं पिशवी हुंगली, माझ्याकडं बघितलं आणि मनगट तिच्यावर टेकवलं, चाटायचं थांबवून. ते बघायला तुम्ही हव्या होतात.

तो धावत नाही. धावणार नाही, सांध्यातली गेलेली कूर्चा परत येत नाही. पण सकाळी फाटकाचा आवाज झाला की उठून दारात येतो आणि पेपरवाल्यावर भुंकतो. पेपरवाला वैतागलाय, तेवढी एक तक्रार आहे.

आता ती पाचशेची नोट. दुसऱ्या दिवशी सौ. साखरेची गोळी आणायला दुकानात गेल्या, तर मालकांनी एक पाकीट दिलं. आत नोट, टाचणी लावलेली. वर तुमच्या अक्षरात माझं नाव नव्हतं, कारण तुम्हीही माझं कधी विचारलं नव्हतं. तुम्ही लिहिलं होतं, "खंड्याचे काका, इंदिरानगर." डॉक्टरांचा नंबर लिहिलेलं पाकीट आणि हे पाकीट, दोन्ही आमच्या फ्रिजवर लावलेली आहेत.

त्या रात्रीच्या बोलण्याबद्दल माफ करा.

तुमचा,
खंड्याचे काका
इंदिरानगर, नाशिक