रापणीची पुळण नकाशावर आणायची आहे: कागद, माणसे आणि निधी हवा

मालवण-वेंगुर्ला किनाऱ्यावरचे रापणकर (पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, मोठे जाळे ओढून मासेमारी करणारे), होडीवाले आणि सुकी मासळी करणाऱ्या बायका यांच्या वतीने आमच्या मच्छीमार सहकारी संस्था हे आवाहन करीत आहेत. गावात राहणाऱ्यांनी ते वाचावेच, पण मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावे. आम्हाला हवे असलेले बरेचसे जुने कागद आज त्यांच्याच घरच्या ट्रंकांत आणि फाइलींत पडून आहेत.

प्रश्न जागेचा आहे. १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत स्पष्ट म्हटले आहे की मच्छीमार गावे, मच्छीमारांच्या सामाईक जागा, जेटी, बर्फ कारखाने, मासळी सुकवण्याच्या जागा हे सगळे स्थानिक पातळीवरच्या नकाशांवर दाखवायचे आणि मच्छीमारांच्या वाढत्या कुटुंबांच्या घरांसाठी दीर्घ मुदतीचा आराखडाही करायचा. ना-विकास क्षेत्रातसुद्धा मासळी सुकवण्याची खळी, लिलावगृह, जाळी विणण्याची आणि होड्या बांधण्याची जागा यांना परवानगी आहे. पण त्याच अधिसूचनेने भरतीरेषेपासून १० मीटर सोडून पुळणीवर तात्पुरत्या पर्यटन सुविधांनाही वाट करून दिली आहे. शॅक, न्हाणीघरे, बसायच्या जागा. आमचे मांगर (जाळी-सामान ठेवायच्या झोपड्या), उलट्या ठेवलेल्या होड्या आणि वाळत घातलेली जाळी नेमकी याच पट्ट्यात असतात. एकाच जागेवर दोन परवानग्या मागितल्या गेल्या की अधिकारी नकाशा उघडतो. नकाशावर आमचे खळे नसेल तर ती जागा त्याच्या दृष्टीने रिकामी आहे.

नकाशावर ते का दिसत नाही, याचे एक कारण प्रमाणात आहे. जिल्ह्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचे नकाशे १:२५,००० प्रमाणाचे असतात. तिथे १ सेंटीमीटर म्हणजे २५० मीटर. वीस मीटर रुंदीचे खळे त्यावर १ मिलिमीटरही भरत नाही. १:४,००० च्या नकाशावर तेच खळे ५ मिलिमीटरचे होते आणि सर्व्हे नंबरासकट दाखवता येते. म्हणून आमचा सगळा आग्रह १:४,००० साठी आहे. सिंधुदुर्गचा आराखडा २०२१ मध्ये मंजूर झाला. एकदा मंजूर झालेला आराखडा साधारणपणे पाच वर्षांच्या आत बदलत नाहीत, आणि पुढच्या फेरबदलाचा मसुदा आला की हरकतींसाठी मिळणारे दिवस मोजकेच असतात. त्या दिवसांत तीस वर्षांचे कागद शोधून होत नाहीत. ते आताच शोधून ठेवायला हवेत.

रापणीला किती जागा लागते हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. एक दोर किनाऱ्यावर धरून ठेवतात, होडी जाळे सोडत पाण्यात अर्धवर्तुळ घेते आणि दुसरा दोर बऱ्याच अंतरावर पुळणीला आणते. मग दोन्हीकडची माणसे ओढत ओढत एकमेकांकडे सरकतात. म्हणजे दोन दोरांमधली पूर्ण पुळण मोकळी हवी, समोरचा तळ स्वच्छ हवा आणि मागे जाळे पसरायला, होडी ओढून ठेवायला, मासळीचा टेम्पो आणायला जागा हवी. मध्ये कुठे जलक्रीडेच्या बोटीचा नांगर असला तर जाळे त्यात अडकते आणि फाटते. धूप प्रतिबंधक बंधाऱ्याचे तर त्याहून वाईट. दगड टाकताना होडी उतरवायची वाट ठेवली नाही, तर त्या जागेवरची रापण कायमची संपली. बंधारा मच्छीमारांच्याच घरांच्या रक्षणासाठी असतो, हे आम्हाला मान्य आहे. पण आराखडा करणाऱ्याच्या समोरच्या कागदावर रापणीची जागा नसल्यामुळेच वाट राहून जाते, असे आमचे ठाम मत आहे.

आता कागदांविषयी. वहिवाटीचा हक्क सांगताना सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चे माप आम्ही धरले आहे: खासगी जमिनीवर २० वर्षांची अखंड वहिवाट, सरकारी जमिनीवर ३०. पुळण बहुतेक ठिकाणी सरकारी आहे. म्हणजे १९९० च्या आसपासचा आणि त्याआधीचा पुरावा हवा. उपग्रहाची चित्रे इथे फारशी कामाची नाहीत. स्पष्ट दिसणारी चित्रे साधारण २००० नंतरचीच मिळतात, आणि त्याआधीच्या लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका ३० मीटरचा असतो. त्यात मांगर दिसत नाही. शेवटी कागद आणि फोटो यांवरच भिस्त आहे.

घरी शोधायचे ते असे: होडीचे जुने परवाने व नोंदणीपत्रे, रापण संघाच्या वाटणीच्या वह्या, संस्थेचे वार्षिक अहवाल, सुक्या मासळीच्या विक्रीच्या पावत्या, शाळेच्या दाखल्यावरची वडिलांच्या व्यवसायाची नोंद, आणि किनाऱ्यावरचा कुठलाही जुना फोटो. लग्नाच्या किंवा नारळी पौर्णिमेच्या फोटोत मागे मांगर दिसत असेल तर तो सोन्याहून मोलाचा. फोटोमागे वर्ष आणि जागा पेन्सिलीने लिहा. तारीख नसलेला फोटो समोरचा वकील एका वाक्यात बाजूला काढतो. आणखी एक लक्षात ठेवा: सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधीची सरकारी नोंद रत्नागिरीच्या दप्तरातही शोधावी लागते. रत्नागिरीत नोकरीला असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या आपल्या माणसांनी यात हात द्यावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या १९८०, २००५, २०१० आणि २०१६ च्या मच्छीमार गणनांचे खंडही आम्ही जमवत आहोत.

मोजणीसाठी मोबाइल वापरता येणारी तरुण मुले-मुली हवीत. मोबाइलचे जीपीएस ५ ते १० मीटर चुकू शकते, म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर किमान दोन मिनिटे थांबून नोंद घ्यायची आणि मागे देऊळ, माड, विहीर अशी खूण येईल असा फोटो काढायचा. एकदाच मोजून भागणार नाही. पावसाळ्यात वाळू ओढली जाते, दिवाळीनंतर पुळण पुन्हा भरते. त्यामुळे दोन्ही हंगामांत, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला, हद्द चालून घ्यायची आहे. ज्या खळ्यांवर वाद आहे तेवढ्यांचीच भूमी अभिलेख खात्याकडून सरकारी मोजणी करून घेऊ.

ग्रामसभेचे ठराव तयार आहेत, असे काही वाड्या कळवतात. ते पुन्हा वाचा. ‘किनाऱ्यावर आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क आहे’ एवढेच लिहिलेला ठराव उपयोगाचा नाही. सर्व्हे नंबर, चतुःसीमा, कोणता वापर, कोणत्या महिन्यांत, किती कुटुंबे, हे त्यात यायला हवे. वयस्कर माणसांची प्रतिज्ञापत्रे एकाच मजकुराच्या नकला काढून करू नका. प्रत्येकाने आपण पाहिलेले सांगावे. सुकी मासळी करणाऱ्या बायकांची प्रतिज्ञापत्रे वेगळी घ्या, कारण खळ्याची खरी वहिवाट त्यांची आहे आणि संस्थेच्या सभासद यादीत त्यांची नावे क्वचितच असतात. कुटुंबांची नावानिशी यादी का हवी, हे उरणच्या उदाहरणावरून कळते. बंदर विस्तारामुळे मासेमारी गेलेल्या १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने २०१५ मध्ये दिला होता.

निधी: पहिल्या टप्प्यासाठी ₹१,७५,००० हवे आहेत. मोजणी फी व हद्दखुणा ₹८०,०००, नकाशे व छपाई ₹४०,०००, दप्तरशोध, नकला व प्रवास ₹२५,०००, आणि कायदेशीर राखीव ₹३०,०००. राखीव रक्कम आधीच लागते, कारण एखाद्या प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीविरुद्ध न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस असतात. सबळ कारण दाखवले तर फार तर आणखी ६० मिळतात. तोवर वर्गणी काढत बसणे परवडत नाही. पर्ससीन (मोठ्या गोल जाळ्याने घेरून) आणि एलईडी (प्रखर दिव्यांनी मासे खेचून) होणाऱ्या मासेमारीविरुद्धची लढाई चालूच आहे, पण हा निधी तिच्यासाठी वापरला जाणार नाही.

देणगी संस्थेच्या खात्यावरच द्यावी, कोणा व्यक्तीच्या हातात रोख देऊ नये. पावती मागून घ्या. सहकारी संस्था असल्यामुळे आयकरात ८०जी ची सवलत मिळणार नाही. किनाऱ्यावर ज्यांचा हॉटेल, शॅक किंवा जलक्रीडेचा प्रस्ताव आहे, त्यांच्याकडून आम्ही देणगी घेणार नाही. जमाखर्च दर महिन्याला संस्थेच्या फलकावर लागेल.

गणपतीला गावी येणाऱ्यांनी मूळ कागद सोबत आणावेत. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवसापासून विसर्जनापर्यंत सकाळी १० ते १ संस्थेच्या कार्यालयात स्कॅनर लावलेला असेल. कागद तुमच्यासमोर स्कॅन होईल, त्यावर क्रमांक पडेल आणि मूळ प्रत तिथेच परत मिळेल. ज्यांना येणे जमत नाही त्यांनी मूळ कागद टपालाने पाठवू नयेत. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढून आपल्या वाडीच्या संस्था प्रतिनिधीकडे द्यावेत.